मिस्त्रीचा घाट आणि निळी गाडी

मिस्त्री म्हणजे लिफ्टचा मिस्त्री. जन्मभर त्यानं लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतः मात्र जिन्यानं गेला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "मी तिचं पोट आतून बघितलंय. मला नाही तिच्यात बसवत." असं बोलायचा आणि हातातली पेटी सांभाळत आठ-आठ मजले चढून जायचा. माणूस तसा वाईट नव्हता, पण जीभ अशी की बाभळीला काटे कमी. त्याची बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं गोड बोलायची. ती गेली आणि गोड बोलणं घरातनं उठूनच गेलं.

आता या लिफ्टवाल्यांची एक रीत असते, ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातनंच झालं. इमारतीच्या अगदी माथ्यावर, गच्चीपाशी, लिफ्टच्या यंत्राची खोली असते. ग्रीसचा वास, जाड तारांच्या दोऱ्या, मोटारीची घरघर. तिथं मिस्त्रीशिवाय कुणी चिटपाखरू फिरकत नाही. मग हे मिस्त्री लोक काय करतात, तर भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवतात. 'इथला सेक्रेटरी पाणीसुद्धा विचारत नाही.' 'तिसऱ्या मजल्यावरची बाई उगाच बोंबलते, लक्ष देऊ नये.' 'वॉचमन भला आहे, पण ठार बहिरा.' पुढच्या खेपेला दुसरा मिस्त्री आला की वाचतो, हसतो, खाली आपली एक ओळ जोडतो. इमारतीतल्या लोकांना याचा पत्ता नसतो. आपल्या डोक्यावर आपलीच कुंडली लिहिलीय हे कळलं तर जिना पुरायचा नाही त्यांना पळायला!

तर असा हा मिस्त्री एक दिवस न्हाणीत पाय घसरून पडला. खुब्याचं हाड गेलं. हाड जुळलं, पण एकट्यानं राहायची सोय राहिली नाही. लेक दवाखान्यात नर्स. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." मिस्त्रीनं दहा सबबी सांगितल्या, अकरावी सुचली नाही म्हणून गेला. आपली जुनी खोली मात्र सोडली नाही. कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधावी तशी जपून पाकिटात ठेवली.

लेकीबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते जावयाबद्दल. जावई बायकांचे केस कापायचा. घराच्या बरोबर खालीच त्याचं दुकान, तीन खुर्च्या, भिंतभर आरसे. केस कापायचा, रंगवायचा, कुरळे असतील तर सरळ करायचा, सरळ असतील तर कुरळे. मिस्त्रीला हे काही केल्या गिळेना. "पुरुषासारखा पुरुष, आणि दिवसभर शांपूचा फेस काढतो," असं तो लेकीच्या लग्नातच म्हणाला होता, आणि तेही हळू आवाजात नाही.

आणि जावई? दुकानात म्हणे त्याची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालायची, पण घरात पाऊल टाकलं की तोंडात गुळणी. सासरा समोर आला की "बाबा, जेवलात का?" आणि मिस्त्री म्हणणार, "जेवलो. तुम्ही?" "मीही." झालं. अहो-जाहो दोघांचं असं की बघणाऱ्याला वाटावं मुलाखत चाललीय. एका टेबलाशी दोघं समोरासमोर बसायचे आणि मधल्या मिठाच्या बाटलीकडे बघायचे.

लेकीला वाटलं, बाप दिवसभर खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांना नावं ठेवत बसेल. तिनं एक जुना कॉम्प्युटर आणून त्याच्या खोलीत मांडला आणि त्यात एक खेळ घालून दिला. रेल्वे बांधायचा खेळ. नकाशा असतो, डोंगर असतात, दऱ्या, खाणी, गावं. तुम्ही रूळ टाकायचे, पूल बांधायचे, बोगदे खणायचे, गाड्या सोडायच्या. एकाच नकाशावर दुसरी माणसंही खेळतात. ज्याचा त्याचा रंग वेगळा. मिस्त्रीला लाल मिळाला.

"मी काय पोर आहे?" मिस्त्री म्हणाला.

"नसाल. पण बाबा, यात डोंगर चढवायचाय. जमणार नाही तुम्हाला, राहू दे," लेक म्हणाली. बापाला कुठे चिमटा काढायचा ते ती बरोबर ओळखून होती.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं खाणीपासून डोंगरावरच्या गावापर्यंत रूळ टाकला, आणि कसा टाकला? लिफ्टसारखा! सरळ, उभा, नाकासमोर वर. गाडी सोडली. पायथ्याशी ऐटीत निघाली, पाव डोंगरावर धापा टाकायला लागली आणि अर्ध्यावर मुंगीच्या चालीनं सरकायला लागली. मागनं दुसरी आली, तिच्यामागे तिसरी. सगळा डोंगर तुंबला. मिस्त्री डोळे फाडून बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काहीतरी मधेच अडकलं होतं, आणि आत माणसं होती, म्हणजे चित्रातली.

मग त्याच्या अंगात आलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तिथंच. हळूहळू त्याला कळलं की लिफ्ट उभी चढते, पण गाडी डोंगराला लाडीगोडी लावत चढते. वळसा घ्यायचा, थोडं वर जायचं, परत वळसा. जिथं वळायला जागा नाही तिथं डोंगराच्या पोटात शिरायचं, आतल्या आत गोल फिरायचं आणि आपल्याच रुळाच्या डोक्यावरनं बाहेर पडायचं. तो पहिला गोल बोगदा जमला आणि गाडी खालच्या तोंडातनं आत जाऊन वरच्या तोंडातनं बाहेर आली, तेव्हा मिस्त्रीनं एकट्यानं टाळी वाजवली. मग दार उघडं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं.

पण एकेरी लाइनवर त्याची फजिती झाली. वरनं एक गाडी, खालनं एक, आणि दोघी पुलावर नाकाला नाक लावून उभ्या. ही मागे सरेना, ती मागे सरेना. मिस्त्रीनं सिग्नल लावले, काढले, परत लावले. छे!

तेव्हाच नकाशावर निळा आला.

निळा म्हणजे दुसरा खेळगडी. खाली लिहायची चौकट असते, तिच्यात त्यानं अक्षरही लिहिलं नाही. त्यानं काय केलं, तर मिस्त्रीच्या पुलाशेजारच्या उतारावर आपली एक छोटी लाइन टाकली. मधे रूळ दुपदरी केला, दोन्ही टोकांना सिग्नल ठेवले आणि दोन निळ्या गाड्या समोरासमोर सोडल्या. एक बाजूला थांबली, दुसरी गेली, मग पहिली निघाली. अशा त्या गाड्या दिवसभर एकमेकींना वाट देत राहिल्या. मिस्त्रीनं बघितलं, मान हलवली आणि तसंच्या तसं आपल्या पुलाअलीकडे केलं. सुटलं की लगेच!

त्या दिवशी जेवताना तो लेकीला म्हणाला, "एक माणूस भेटलाय गं खेळात. उगाच वटवट नाही, अक्कल शिकवणं नाही. करून दाखवतो आणि बाजूला होतो. माणूस असावा तर असा." आणि जावयाकडे न बघता पुढे म्हणाला, "असली माणसं लोकांच्याच नशिबी."

जावयाला ठसका लागला. लेकीनं पाणी दिलं.

मग निळा रोज यायला लागला. मिस्त्री डोंगर चढवायचा, निळा खालच्या खोऱ्यातनं माल आणून त्याच्या पायथ्याला जोडायचा. दोघांचं जाळं सगळ्या डोंगररांगेवर पसरलं, दोन रंगांनी विणलेल्या स्वेटरासारखं.

आणि मिस्त्रीनं आपली जुनी खोड तिथं नेली. खेळात प्रत्येक स्टेशनाला आपण नाव द्यायचं असतं. मिस्त्रीच्या मनात तो डोंगर म्हणजे यंत्राची खोलीच झाली. इथं वर कोण येतंय वाचायला? आला तर हा निळा, तो कुठल्या कोण मुलखातला, त्याला काय कळणार कुणावर लिहिलंय ते! मग काय, पेन्सिल सुटली. पहिल्या खिंडीतल्या स्टेशनाचं नाव 'फणीवाल्याची खिंड'. पुढचं, 'गुळणीगाव'. त्यावरचं, 'मऊ हातांचं टेकाड'. रोज जावयाची एक खोड आठवायची आणि रोज एक स्टेशन उभं राहायचं.

निळ्याच्या स्टेशनांवरही नावं असत, पण नकाशावर अक्षरांची नुसती गिचमिड होते म्हणून मिस्त्रीनं एक बटण दाबून दुसऱ्यांची नावं दिसणं बंदच करून टाकलं होतं. आपलं तेवढं बघायचं. स्वभाव!

मग एकदा त्यानं सगळ्यात उंच शिखरावर लाइन नेली. तिथं गाव नाही, खाण नाही, काही नाही. नुसता बर्फ. उगाच नेली, जमतंय का बघायला. स्टेशन बांधलं, आणि नाव द्यायची चौकट उघडली तेव्हा त्याला जावयाची खोड आठवेना. बराच वेळ बसला. मग लिहिलं, 'मला कोणी बोलावलं होतं?'

लिहिलं ते लिहिलं, त्याकडे परत बघितलं नाही. पण दोन-चार दिवसांत निळ्यानं खोऱ्यातनं एक लाइन वर आणली, केवढे बोगदे खणून, आणि शिखराला जोडली. एक निळी गाडी रिकामीच वर यायची, जरा थांबायची, रिकामीच खाली जायची. मिस्त्रीला हसू आलं. "येडाच आहे," तो म्हणाला. पण ती गाडी वर येईपर्यंत तो रोज वाट बघायला लागला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका सकाळी लेकीचा दवाखान्यातनं फोन आला.

"बाबा, यांचा फोन लागत नाहीये. जरा खाली जाऊन सांगाल? मी आज दुपारीच सुटतेय, जेवायला थांबा म्हणावं."

"मी? खाली? त्या बायकांत?"

"बाबा, बायका चावत नाहीत."

मिस्त्रीनं शर्ट बदलला, काठी घेतली, जिना उतरला. इतके महिने झाले, दुकानाच्या दारातनं त्यानं कधी आत डोकावलं नव्हतं. काचेचं दार ढकललं तर आत गरम वाफ आणि फुलांचा वास. जावई आतल्या बाजूला पाठमोरा. एका बाईची मान मागे बेसिनवर टेकवून, रबरी मोजे घालून तिच्या केसांतला तांबडा रंग धूत होता, नळ धो-धो चालू. दाराशी एक बाक होता. मिस्त्री त्याच्या कडेला टेकला. म्हटलं, नळ बंद होऊ दे, निरोप सांगू आणि निघू.

समोरच्या खुर्चीत एक बाई डोक्याला रंग लावून बसली होती. केसांत चंदेरी कागदाच्या पट्ट्या, एखादी भेटवस्तू बांधावी तशा. ती शिवणकामाचे वर्ग चालवायची, सगळे तिला शिवणबाई म्हणत. तिच्या पलीकडे एक म्हातारी, डोक्यावर केस वाळवायच्या यंत्राची मोठी टोपी. टोपीत घरघर चाललेली, म्हणून ती बोलायची ते सगळं ओरडून.

"अगंऽऽ आज लाल बाबांनी काय नाव ठेवलं?"

मिस्त्रीला वाटलं, असेल कुणीतरी त्यांच्यातलं.

शिवणबाई पुढे वाकली. आरशाखाली कंगव्या-बाटल्यांच्या गर्दीत एक कॉम्प्युटर होता. "थांबा, वाचते. अय्या! 'सुगंधी घाट'!"

मिस्त्रीनं काठी घट्ट धरली. 'सुगंधी घाट' त्यानं तासाभरापूर्वी लिहिलं होतं. त्यानं मान वर केली तर समोरच्या आरशात त्याचा डोंगर. उलटा. डावीकडचा पूल उजवीकडे, उजवीकडची खाण डावीकडे, पण डोंगर त्याचाच. त्याचा गोल बोगदा, त्याच्या लाल गाड्या. कुणी आपलं अंथरूण उचलून चौकात मांडावं तसं झालं त्याला. 

"म्हणजे कुणावर?" म्हातारी टोपीतनं ओरडली.

"कुणावर काय! यांच्यावरच. यांना शांपूचा वास येतो म्हणून. दुसरं कोण सापडलंय त्या म्हाताऱ्याला?"

दोघी खळखळून हसल्या. बेसिनवर मान टाकलेली तिसरी पण हसली, तिच्या नाकात पाणी गेलं.

"किती खडूस असावं माणसानं!" शिवणबाई म्हणाली. "मी म्हणते, एकदा सांगूनच टाका ना त्यांना, की निळा तुम्हीच म्हणून."

मिस्त्रीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. यंत्रांच्या आवाजानं त्याचा एक कान तसा अधूच होता. त्यानं दुसरा कान पुढे केला.

नळाखालनं जावयाचा आवाज आला. घरातला नव्हेच तो, मोकळा, हसरा. "नको हो. कळलं तर खेळायचे बंद होतील. आत्ता निदान रोज बोलतात माझ्याशी."

"याला बोलणं म्हणायचं?"

"मग? घरात 'मीठ द्या'च्या पुढे आमचं जात नाही. इथं रोज एक नवीन ऐकायला मिळतं."

"पण ते शिखरावरचं नाव वाचून मला बाई रडू आलं," म्हातारी घरघरीच्या वरताण ओरडली. "मला कोणी बोलावलं होतंऽऽ! किती लागलं असेल हो मनाला!"

मिस्त्रीच्या हातनं काठी सुटली. फरशीवर अशी वाजली की टोपीतल्या म्हातारीलासुद्धा ऐकू आलं. जावयानं मान वर केली. आरशात दोघांची नजर भिडली. नळ तसाच वाहत राहिला.

 मिस्त्रीनं वाकून काठी उचलली. उभा राहिला. घसा साफ केला.

"लेकीचा फोन होता," तो म्हणाला. "दुपारीच सुटतेय. तुम्ही जेवायला थांबा, म्हणाली."

"बरं, बाबा," जावई म्हणाला. त्याचे हात फेसात तसेच.

मिस्त्री दाराबाहेर पडला तेव्हा मागनं म्हातारीचा आवाज आला, "हेच का तेऽऽ?"

जिना तो कसा चढला त्याचं त्यालाच ठाऊक. खुबा ठणकत होता, पण तिकडे लक्ष कुणाचं? टोमणे कळले याचं एवढं काही नव्हतं. मारलेत तर मारलेत, तोंडावर मारायला तो भ्यायला नसता. पण ते शिखरावरचं? ते त्यानं बर्फात लिहिलं होतं, कुणी येणार नाही अशा ठिकाणी. बायको असती तर तिलाही सांगितलं नसतं. आणि ते बायका डोक्याला रंग लावून वाचतात! वर रडतात! तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या.

त्यानं कपाटावरची बॅग खाली ओढली. तीन शर्ट, दोन पायजमे, औषधं कोंबली. पाकिटातली किल्ली चाचपली. जायचं. आत्ताच्या आत्ता. लंगडत का होईना, आपल्या खोलीत. पडलो तर पडलो.

पण जायच्या आधी भिंत पुसायला हवी. तो खुर्चीत बसला आणि नांगर धरावा तसा माउस धरला. खेळात पाडायचं एक हत्यार असतं, घेतलं ते. 'सुगंधी घाट' गेला. 'मऊ हातांचं टेकाड' गेलं. 'गुळणीगाव' गेलं, 'फणीवाल्याची खिंड' गेली, मधली सगळी गेली. आपल्या हातानं बांधलेले पूल आपल्या हातानं पाडत गेला, थांबला नाही. शेवटी शिखर.

दाबलं. स्टेशन पडेना. वर अक्षरं आली, 'स्टेशनात गाडी उभी आहे.'

निळी गाडी आलेली होती. रिकामी. मिस्त्री म्हणाला, ठीक, जाईल. थोड्या वेळानं ती निघाली. त्यानं हत्यार उगारलं, तर बोगद्यातनं दुसरी निळी गाडी येऊन उभी. "अरे!" तीही गेली. तोवर तिसरी. मिस्त्रीच्या लक्षात आलं. खाली, फेसाच्या हातांनी, हा माणूस एकामागनं एक गाड्या वर सोडतोय. आरशापुढे बसून त्याच्यावर नजर ठेवून आहे.

"असं काय!" मिस्त्री दात-ओठ खाऊन म्हणाला. तो वरनं पाडायला जायचा, जावई खालनं गाडी घालायचा. मधे भिंत नाही, एक मजला फक्त. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी एक निळी गाडी आली ती हलेचना. ठाण मांडून उभी. सिग्नल हिरवा, तरी उभी.

मिस्त्रीनं बघायचं ठरवलं, हिला कुठे जायचंय तरी कुठे? गाडीचा पत्ता बघायचा तर निळ्याची नावं दिसायला हवीत. त्यानं ते बटण दाबलं, इतक्या महिन्यांपूर्वी बंद केलेलं.

सगळा डोंगर अक्षरांनी भरून गेला.

जिथं 'फणीवाल्याची खिंड' होती तिथं आता नुसती माती, पण शेजारी निळ्या पाटीवर लिहिलेलं, 'फणी आहे म्हणून रेशन आहे'. 'गुळणीगावा'च्या जागेशेजारी, 'तुम्ही बोला, मी ऐकतोय'. टेकाडापाशी, 'मऊ हातांनी रोज तुमची गादी झटकतो'. आणि आजच्या 'सुगंधी घाटा'पाशी ताजी पाटी, 'तुमच्या उशीलाही तोच वास आहे'.

मिस्त्री थक्क झाला. त्याच्या प्रत्येक ओळीखाली एक ओळ जोडलेली होती आणि तो महिनोन्‌महिने ती न वाचता पुढची लिहीत बसला होता. त्यानं खरंच मागे वळून आपली उशी उचलली आणि हुंगली. फुलांचा वास.

मग भीतभीतच त्यानं शिखराकडे बघितलं. लाल पाटी, 'मला कोणी बोलावलं होतं?' तिच्या खांद्याला खांदा लावून निळी पाटी, 'मी.'

माउस हातात तसाच राहिला. मिस्त्री काही वाचायचं राहिलं का म्हणून परत परत बघत होता. एवढंच होतं. 'मी.'

दार उघडलं. जावई उभा. हातात रबरी मोजे, मोज्यांना तांबडा रंग, धावत जिना चढल्यानं छाती भात्यासारखी.

"बाबा, बाकी सगळं पाडा," तो म्हणाला. "ते एक तेवढं नका पाडू."

"तुम्ही?" मिस्त्रीनं पडद्याकडे बोट केलं. "तुम्ही बोलावलं? मला?"

"हो."

"खोटं. लेकीनं बोलावलं."

"ती नको म्हणत होती."

"काय?"

"म्हणाली, माझ्या बापाची जीभ तुम्हाला सहन व्हायची नाही. दोघं माझ्या घरात भांडत बसाल आणि मी मधे चेंगरेन. बाई ठेवू त्यांना, रोज जाऊन बघू. मीच म्हटलं, नाही, घरी आणू."

मिस्त्रीनं हातातला माउस आपटला. इतके महिने ज्याला लेकीच्या भिडेखातर आपल्याला सोसणारा समजत होता, तोच हा. "कशाला?" तो ओरडला. "मी तुमच्या लग्नात काय बोललो होतो ते आठवतं का?"

"शब्द न् शब्द."

"मग? कशाला आणलंत?"

"माझे वडील एकटे गेले, बाबा. चार दिवसांनी शेजाऱ्यांनी दार फोडलं. मी तेव्हा दुसऱ्या गावी केस कापत होतो." जावयाचाही आवाज आता चढला. "तुम्ही मला रोज शिव्या घाला, पण दार उघडं ठेवून घाला!"

मिस्त्री खुर्चीतनं अर्धा उठला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि जन्मात कधी बोलला नव्हता असलं काही होतं, म्हणून ते घशातच आडवं झालं. मग भलतंच बाहेर पडलं.

"आणि ते त्या बायकांना कशाला दाखवलंत?"

"मी नाही दाखवलं! त्या आपण होऊन वाचतात. खुर्चीत बसल्या की समोर तेच दिसतं."

"मग पडदा फिरवायचा!"

"फिरवला तर आरशात दिसतो! भिंतभर आरसे आहेत, बाबा, मी काय करू?"

"रडतात मेल्या माझ्या नावानं!"

"त्या म्हातारीला कशानंही रडू येतं. तिला जाहिराती बघून रडू येतं!"

दोघं तोंडाला तोंड देऊन ओरडत होते. एवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि शिवणबाई दारात आली, गळ्याला टॉवेल, डोक्यावर चंदेरी पट्ट्या थरथरत.

"अहो, माझा रंग! तो कधीच काढायचा होता ना? डोकं चरचरतंय माझं!" तिनं एक पट्टी सोडून दाखवली. केस गाजरासारखे लालभडक.

"अगं आई गं," जावई म्हणाला.

आणि तिच्या पाठोपाठ लेक आली. दवाखान्याचे कपडे, एका हातात चपला, खांद्याला पर्स. ती जिन्याच्या तळापासनं आवाज ऐकत आली होती. आधी तिला वाटलं चोर शिरले. मग वाटलं बापाला काही झालं. आणि दारात येऊन बघते तर तिचा नवरा आणि तिचा बाप एकमेकांशी बोलतायत. मोठ्यानं. पूर्ण पूर्ण वाक्यं. तिच्या हातातनं एक चप्पल पडली.

"काय चाललंय?" ती म्हणाली.  मग तिला पलंगावरची बॅग दिसली आणि चेहरा उतरला. "बाबा, बॅग कुणाची?"

"माझी."

"निघालात?"

मिस्त्रीनं लेकीकडे बघितलं, मग जावयाच्या रंगलेल्या मोज्यांकडे. "निघालो होतो," तो म्हणाला. "यांची गाडी हलेना शिखरावरनं."

"कसली गाडी? कसलं शिखर?"

"नाहीच हलवणार," जावई म्हणाला.

"बघ! ऐक! हे असं उत्तर देतात मला," मिस्त्री लेकीला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तक्रार होती का अभिमान, ते लेकीलाही कळेना. ती पलंगावर मटकन बसली, बॅगेवरच. आतल्या औषधाच्या बाटल्या कुरकुरल्या.

"तुम्ही सगळे नंतर बोला हो," शिवणबाई काकुळतीला येऊन म्हणाली. "माझ्या डोक्याचं कोण बघणार?"

"जा, जा खाली," मिस्त्री जावयाला म्हणाला. "बाईंचं टक्कल पडेल आणि बोल मला लागेल. इथलं मी बघतो."

जावई दारातच घुटमळला. "बघतो म्हणजे?"

"आता खिंड परत बांधायला नको का? सगळी स्टेशनं पाडून बसलोय." मिस्त्रीनं खुर्ची पडद्याकडे ओढली. "आणि तुमची गाडी राहील उभी तिथंच. सांगितलं ना. जा."